केराबाईची गाडी

कुंभारीच्या बिरप्पानं तरणेपणी लांडग्यामागं काठी घेऊन अख्खा माळ तुडवला होता, हे गावात कुणीही सांगेल. तोच बिरप्पा पन्नाशीला टेकला आणि पांढऱ्या शर्टाला भ्यायला लागला. शर्टाखाली खाकी पँट असली तर विचारूच नका, पण नुसता पांढरा शर्ट लांबून दिसला तरी तो गाडी आडवाटेला घालायचा. एकदा सोलापुरात शिरताना मंगल कार्यालयाबाहेर एक वाढपी उभा होता. त्याला वाहतूक पोलीस समजून बिरप्पानं पिकअप सरळ एका पिठाच्या गिरणीच्या दारात घातली, आणि दळण नसताना गिरणीवाल्याशी ज्वारीच्या भावावर बोलत बसला. आपल्याला हसायला काय जातं? खिशात लायसन नसताना गाडी हाकून बघा, म्हणजे कळेल.

लायसन का नव्हतं, तेही ऐका. त्याची बायको केराबाई लग्नात माहेराहून मेंढ्या घेऊन आली होती. त्यांच्या घरची रीत अशी, की बापानं लेकीला दिलेल्या मेंढ्या लेकीच्याच, आणि त्यांची पिल्लंही तिचीच. नवऱ्यानं तिला विचारल्याशिवाय त्यातली एकही विकायची नाही. चारणीची रानं प्लॉट पडून आटत गेली, तेव्हा केराबाईनंच ठरवलं की मेंढरं विकायची आणि पिकअप घ्यायची. लोकांची शेरडं-मेंढरं बाजाराला पोचवायची, त्यावर घर चालवायचं. "मेंढरं माजी, मग गाडीबी माज्याच नावावर," ती म्हणाली. बिरप्पाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वीटभट्टीवरच्या ट्रॅक्टरवर तो चालवायला शिकलेलाच होता.

राहिलं लायसन. त्यासाठी तो आरटीओत गेला, कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर खुणांची चित्रं आली आणि कोपऱ्यात वेळ उलटी पळायला लागली. त्या पळणाऱ्या आकड्यांकडं बघता बघता त्याचं बोट जे गोठलं ते उचलेचना. नापास. घरी आला तर केराबाई दारातच उभी. "झालं का?" तिनं विचारलं. "झालं की," हा म्हणाला. पुढच्या महिन्यात परत जाऊन पास होऊ, मग खोटं कुठं राहतंय, असा त्याचा हिशोब. पण केराबाईनं तेवढ्यात गल्लीभर साखर वाटली. वाटलेली साखर माघारी कशी मागायची? बिरप्पा परत आरटीओत गेलाच नाही.

भीती खरी धरली ती गुरुशांतमुळं. हा गाड्यांच्या कागदपत्रांची कामं करणारा एजंट, गावच्या चहाच्या टपरीवर कायदा सांगत बसायचा. "बिनालायसनचा गावला तर गाडी जप्त," तो एकदा म्हणाला, "आनि गाडी ज्याच्या नावावर, त्याच्यावरबी केस. बिनालायसनवाल्याला चालवायला दिलीच का म्हनून." बिरप्पाचा चहा हातातच राहिला. स्वतःचं काय, चार शिव्या खाल्ल्या असत्या. पण ज्या बाईनं माहेरची मेंढरं विकली, तिचं नाव कोर्टात पुकारलं जाणार, आणि तेही आपल्या थापेपायी! त्या दिवसापासून त्याला धड जेवण गेलं नाही.

मग तो रस्ते चोरायला लागला. नाक्यावर पोलीस कधी असतात, चहाला कधी जातात, सगळं त्याला पाठ. ओढ्यातल्या कच्च्या वाटेनं गाडी घालायचा. मेंढरं मागं आदळायची, गाडीचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरायचे. गावात आला की इंजिन बंद करून तो क्षणभर स्टिअरिंगवर डोकं टेकायचा.

पकडला गेला तो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. अमावास्येला केराबाई गाडीला भंडारा लावायची. यावेळी तिनं हळद पाण्यात कालवून असा हात मारला, की पुढची नंबरप्लेटही पिवळी झाली. बिरप्पाच्या ध्यानात आलं, पण देवाचा भंडारा कोण पुसणार? मागं लोकांची मेंढरं भरलेली, आणि तिलाही त्या दिवशी बाजारात काम होतं, म्हणून ती शेजारीच बसली होती. ओढ्याला पाणी आलेलं. नाइलाजानं अक्कलकोट रस्ता धरला, आणि शहराच्या तोंडाशी शिट्टी वाजली.

"नंबर दिसत नाही, काका," हवालदार म्हणाला. "पुसा तेवढं आणि निघा."

एवढंच होतं हो! एक फडकं मारलं असतं तर सुटला असता. पण बिरप्पा खाली उतरून प्लेटसमोर हात जोडून उभा राहिला. फडकं उचलायचं त्याच्या हातून होईना. भंडारा पुसला तर देव कोपेल, न पुसला तर हवालदार. घाम कानामागून गळ्यात उतरला. हवालदारानं त्याचा चेहरा निरखला आणि त्याला संशय आला.

"लायसन बघू."

"घरी ऱ्हायलंय, सायेब."

"नाव सांगा." त्यानं मोबाईलवर शोधलं. "तुमच्या नावावर लायसन निघतच नाहीय. गाडी जप्त होणार. मालक कोण? केराबाई कोण?"

केराबाई पदर सावरत केबिनमधून उतरली. तिच्याकडं बघून हवालदाराचा आवाज जरा मऊ झाला.

"मावशी, यांच्याकडं लायसन नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं ना? नसेल तर तसं सांगा. तुमच्यावरची केस टळेल."

न्हाई म्हण, केरा. बिरप्पानं मनातल्या मनात बिरोबाचे पाय धरले. खोटंही बोलायचं नव्हतं तिला, खरंच तर सांगायचं होतं.

"म्हाईत होतं की," केराबाई म्हणाली.

हवालदारानं तिच्याकडं पाहिलं, मग सुस्कारा टाकून दोघांवरही केस केली. मेंढरं उतरवली. एक शिपाई पिकअप घेऊन गेला. बाजाराला जायचं त्राण कुणाला नव्हतं. दोघं मेंढरं हाकत, रस्त्याची कड धरून कुंभारीकडं चालायला लागली. मागून ट्रक भोंगे वाजवत जात होते आणि प्रत्येक भोंग्याला बिरप्पा दचकत होता. पकडला गेला होता, गाडी गेली होती, तरी तो वळून वळून पांढरा शर्ट बघत होता.

"कवापासनं म्हाईत हाय?" त्यानं विचारलं.

"सडक सोडून वड्यानं गाडी घालायला लागला, तवापासनं. मी काय आंदळी हाय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हनून वाट बगितली. गाडी गेली की दिसभर माजा जीव टांगनीला. थापता थापता भाकर मोडायची. रस्त्याला गाडीचा आवाज आला की मग कुटं श्वास घ्यायची."

बिरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कोर्टात तुजं नाव पुकारतील गं."

"पुकारू देत." एका मेंढीला तिनं काठीनं आत वळवलं. "लई भ्या वाटतंय मलाबी. पर तुमी आदीच सांगितलं असतं, तर दोगं मिळून भ्यालो असतो की."