मोटार चालू झाली आहे

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, रोज सकाळी एक बाई फोनवर गोड आवाजात सांगायची, "मोटार चालू झाली आहे." आबा तिला "बरं" म्हणायचे आणि मगच चहाला हात लावायचे. बाई खोटं बोलत होती. तिला खोटं बोलायला मीच बसवलं होतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आबा बारामतीत माझ्या फ्लॅटमध्ये राहतात आणि आमचा ऊस राहतो कळंबला. तिथं विहिरीवर मोबाईल स्टार्टरची जुनी पेटी आहे, पोटात सिमकार्ड असलेली. आबांनी आपल्या बटणांच्या फोनवरून तिला फोन लावायचा. एक दाबला की मोटार चालू, तीन दाबला की बंद, आणि पेटीतली रेकॉर्ड केलेली बाई तसं फोनवर सांगणार. पेटी फक्त आबांचाच नंबर ओळखते. त्या फोनवरचे आकडे केव्हाच पुसून गेलेत, पण आबांचा अंगठा कधी चुकत नाही. गाव सुटलं तरी पाणी त्यांच्या हातात राहिलं होतं.

मला मात्र नव्याचा सोस. गेल्या वर्षी मी ॲपवर चालणारी पेटी आणली आणि आबांना मोठ्या थाटात दाखवली. काचेवर बोट फिरवून ते म्हणाले, "ह्येला दाबल्यागत वाटतच न्हाय. माझी हाय ती बरी हाय."

वाद कोण घालणार? मी गुपचूप मिस्त्रीला घेऊन कळंब गाठलं आणि मोटार नव्या पेटीला जोडून घेतली.

"जुनी काढू का?" मिस्त्रीनं विचारलं.

"राहू दे. तिची लाईट चालू ठेव, मोटारीची वायर तेवढी काढ."

"मग ती करंल काय?"

"बोलंल."

मिस्त्री खो खो हसला. मी तर स्वतःवरच फिदा. पुढं मोटार आहे की नाही, हे त्या पेटीला कळायचंच नाही. आतला खटका पडला की ती बोलायची. वर्षभर आबा हॉलमध्ये एक दाबत होते आणि मी बाल्कनीत ॲपवर खरी मोटार चालू करत होतो; ते तीन दाबायचे तेव्हा बंद. वर हा किस्सा मी चारचौघांत त्या बाईचा आवाज काढून रंगवायचो. टाळ्या घ्यायचो.

मग कांद्याचा दिवस उजाडला. शेजारच्या शेतातल्या तात्यांनी कांदा काढून वावरातच वाळत टाकला होता. मी सकाळी मोटार चालू केली, तेवढ्यात पाहुणे आले, आणि मी कुठलीशी गोष्ट रंगवत बसलो. माझी गोष्ट लवकर संपत नाही. दुपारी आबांचा फोन वाजला. तात्यांचा आवाज खोलीभर घुमला.

"आबा, आवो मोटार बंद करा! पाट फुटलाय, माझ्या कांद्यात पाणी शिरलंय!"

"मी तर मगाच बंद केली," आबा म्हणाले. तरी त्यांनी घाईनं पेटीला फोन लावून तीन दाबला. त्याच वेळी मी स्वयंपाकघरात पळालो आणि ॲपवर बोट टेकवलं.

तात्यांचा पुन्हा फोन आला. "झाली बंद. पर कांदा गेला माझा. इसरला व्हय, आबा?"

आबांनी बटणांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "इसरलो आसंन."

मी तिथंच उभा होतो. हातातला फोन खिशात सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी पेटीला फोन लावणं सोडलं. फोन माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "तूच बघ आता. माझं डोस्कं चालंना." गोळी घेतली का, हे ते मला विचारू लागले. नळ बंद करून परत बघायला जायचे. भाजी आणायला निघाले की जिन्यातून माघारी यायचे, गॅसचं बटण चाचपायचे. कांद्याचं नुकसान मी भरून देणार होतो. याचं काय भरून देणार?

शेवटी एका सकाळी त्यांच्यासमोर बसलो. "आबा, तुम्ही तीन दाबला होता. विसरलो मी." आणि सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादा किस्सा मला रंगवता आला नाही.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी वरीसभर मी कुणाचं पाणी चालू करत हुतो?"

"कुणाचंच नाही."

"आन ती बाई?"

"ती नुसती बोलायची."

ते भडकतील असं वाटलं होतं. ते ताठ बसले. "म्हंजी माझं डोस्कं बरं हाय!" चेहरा असा उजळला की मलाच बघवेना. लगेच त्यांनी तात्यांना फोन लावला. "तात्या, म्या तीन दाबला हुता! कांदा ह्या शहाण्यानं भिजवला!" मग इंदापूरच्या आत्याला. मग सोमेश्वरनगरच्या व्याह्यांना. मी शेजारी बसून ऐकत होतो. उठून जायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात कळंबला जाऊन मोटार पुन्हा जुन्या पेटीला जोडली. तात्यांच्या वावरात बसून सडका कांदा निवडला. आबा बांधावर उभे राहून बघत होते. परत निघताना गाडीचं दार धरून ते थांबले.

"माझ्यासाठी आणखी काय काय आसं नुसतं बोलतं ठिवलंयस?"

"काहीच नाही, आबा."

हे खरं होतं. आबांनी पुन्हा विचारलं.