पाहू नोको, आयक

“पाहू नोको. तिकडं पाय.”

सिरिंज उजेडाकडे धरून, तिच्यातला बुडबुडा टिचकीने उडवत ते हे म्हणायचे. रोगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवायचा. तो पुन्हा वळेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची आणि तिच्या जागी कापूस असायचा. तुमच्याही गावात असा एखादा कंपाउंडर असेल. त्याच्या हातची सुई कळत नाही, म्हणून लोक दवाखान्यात शिरताना डॉक्टरांच्या आधी त्याची चौकशी करतात. तुमसरला आमच्या गल्लीत ते होते. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो.

मी लाखांदूरकडच्या एका खेड्यातून बी.एस्सी. करायला तुमसरला आलो होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. काकाजींच्या घराला लागून एक खोली भाड्याने मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात मला ताप आला. सुई देऊन झाल्यावर काकाजींनी विचारलं,

“सायन्स घेतला का गा?”

“हो.”

“मंग करंटचं समजत असन तुले?”

“थोडं थोडं,” मी म्हणालो.

भिडेने बोललेल्या त्या दोन शब्दांची मला पुढे बरीच फेड करावी लागली.

त्यांच्याकडे गिटार होती. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती, विजेवरची. डाव्या हातात लोखंडी कांडी धरायची आणि तारांवरून सरकवायची, की सूर गळा दाटून आल्यासारखा वळत जातो. नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यांनी ती घेतली होती. वायर जोडली नाही तर तिचा आवाज डासाएवढा. ती जोडायला एक लाकडी खोक्याचा भोंगाही होता. संध्याकाळी दवाखाना सुटला की काकाजी आपल्या खोलीत यायचे, भिंतीकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि म्हणायचे,

“पाहू नोको, आयक फक्त.”

मला संगीतातलं कळत नाही, आजही नाही. पण ते वाजवू लागले की अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या काकूंचं सूप थांबायचं, एवढं मी पाहिलं आहे. दारात कोणी येऊन उभं राहिलं, की मात्र सगळं संपायचं. काकाजींचे हात कापायला लागायचे आणि कांडी तारांवर खडखड वाजायची.

“सुई देताना कसे नाही कापत हात?” मी एकदा विचारलं.

“सुई घेनारा पायते का गा कधी? थो त तोंड फिरवते.”

आमच्या भागात धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वडशाकडच्या एका नाटक कंपनीत पेटी वाजवणारा माझ्या बाबांच्या ओळखीचा होता. मी येण्याच्या आदल्या वर्षी काकाजी आपणहून त्या कंपनीत गिटार घेऊन गेले होते. मालक समोर खाटेवर चहा पीत बसला. कांडी इतकी खडखडली की मालकाने कप खाली ठेवून मायेने विचारलं, “तब्येत बराबर नाई का तुमची?” हे सांगताना काकू हसायच्या. काकाजी हसायचे नाहीत.

मी सुट्टीत गावी गेलो तेव्हा पेटीवाल्याकडे हा विषय काढला. तो म्हणाला, “टेप करून आन ना त्यायचं. मालक आयकन. पन साफ पायजे, बाकी कचरा नोको.”

मी ही बातमी आणली त्या दिवशी काकाजींनी मला दोनदा चहा पाजला. कोणीतरी त्यांना न पाहता ऐकणार होतं. त्यांना तेवढंच हवं होतं आणि दिवाळीच्या आत ते व्हायला हवं होतं.

टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होता. कॅसेट एकच होती, तिच्यावरच पुन्हा पुन्हा भरायचं. पहिल्यांदा आम्ही टेप भोंग्यासमोर ठेवला. परत ऐकलं तर गिटारपेक्षा कोंबड्या जास्त. मध्येच काकू विचारत होत्या, “आयकलं का, भाजी कोनती करू?” आणि सगळ्यांच्या मागे राइस मिलची घरघर. तुमसरमध्ये कुठेही बसा, कोणती ना कोणती मिल चालू असते.

“पुसून टाक,” काकाजी म्हणाले.

मग मी सुचवलं की भोंगा नकोच, गिटार थेट टेपला जोडू. गिटारची पिन जाड आणि टेपचं भोक बारीक. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एक वायर जोडून आणली, एका टोकाला मोठं भोक आणि दुसऱ्या टोकाला छोटी पिन. ती पिन टेपमध्ये घातली की टेपचा स्वतःचा माइक आपोआप बंद होतो. फक्त गिटार भरली जाते, बाहेरचं काही नाही. पिन काढली की माइक पुन्हा सुरू. मी हे काकाजींना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. ते म्हणाले, “वा! आता बराबर होते.”

झालं नाही. पहिल्यांदा आवाज फाटका आला, म्हणून गिटारचं बटन कमी केलं. मग घूं आलं. कानाजवळ भुंगा अडकावा तसं, एकसारखं. त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की काकाजी वाजवत असले की ते दबून राहायचं आणि ते जरा थांबले की वर यायचं. त्या टेपमध्ये बारीक आवाज आपोआप मोठा करायची सोय होती. काकाजींच्या वाजवण्यात तर थांबणंच जास्त होतं. एक सूर सोडून ते वाट पाहायचे. त्या वाट पाहण्यात घूं येऊन बसायचं.

पुस्तकात वाचून मी गिटारच्या लोखंडी पट्टीला तांब्याची तार बांधली आणि ती अंगणातल्या ओल्या मातीत पुरली. घूं थोडं कमी झालं. माती ओली राहायला हवी, म्हणून काकू रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी घालायच्या.

“तुयशीले पानी, कोंबड्यायले पानी, आन आता ताराले पानी,” त्या शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. “कोनते फयं येतीन याले, थे सायन्सवाल्यालेच मालूम.”

मी खाली मान घालून कॉलेजला जायचो.

एका संध्याकाळी तर गिटारच्या मागे माणूसच बोलू लागला. आम्ही घाबरलो. कान देऊन ऐकलं तर रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम होता. धानावरच्या तुडतुड्यांना काय फवारावं, ते बारीक आवाजात सांगत होता. आमच्या वायरनेच रेडिओ पकडला होता. काकाजींनी वायर उपटली आणि अंगणात भिरकावली.

“नाई होत, बाप्पा! मायं नशीबच घूं करून राहिलं!”

काकूंनी ती वायर उचलली, पदराने पुसली आणि खुंटीला अडकवली.

आणखी एक गोष्ट होती आणि तिचा राग मला घूंपेक्षाही जास्त यायचा. वाजवून झालं की काकाजी टेपचं बटन बंद होण्याआधीच खस्सकन पिन काढायचे. मग टेपचा माइक सुरू व्हायचा आणि शेवटी ‘खर्र’ होऊन खोलीतला सगळा गोंधळ भरला जायचा.

“पहिले बटन बंद, मंग पिन. कितीखेप सांगू, काकाजी?”

“अगा, काम झालं का सुई काढाची असते. जास्त येळ ठेवली का दुखते.”

“ही सुई नाही ना पण!”

“हाताले काय मालूम?”

शेवटी मी ठरवलं की कॉलेजच्या सरांना विचारायचं. फिजिक्सच्या खोलीबाहेर उभा राहिलो. आत तीन-चार शिक्षक बोलत होते. मी दारावरची पाटी वाचली, चपला नीट केल्या आणि परत आलो. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. काकाजींना हे सांगायची लाज वाटत होती, तरी सांगितलं. वाटलं, चिडतील.

“म्हंजे तुयी जीभ कापते, माये हात कापते,” ते म्हणाले. “बरी जोडी जमली.”

तिसऱ्या दिवशी मी आत गेलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक अर्धंच बोललो. सरांनी तेवढ्यावरून ओळखलं आणि म्हणाले, “टेप लाइटवर कशाला चालवता? सेलवर चालवा.” एवढंच.

सेल घातले. घूं निम्म्यावर आलं. पण निम्मं उरलंच. आता ते टेपमधून येत नव्हतं, हवेतून गिटारच्या पोटात शिरत होतं. चहूकडे मिलच्या मोटारी, तारा, ट्यूबलाइट. मी खोलीचा कोपरा न् कोपरा पालथा घातला, काकाजींना पूर्वेला फिरवलं, दक्षिणेला फिरवलं. ते गिटार उचलून बिचारे फिरत राहिले. दसरा होऊन गेला होता. मला वाटायला लागलं की मी त्यांना उगाच आशेला लावलं.

अशाच एका दुपारी लाइन गेली.

गल्लीत “गेली, गेली” झालं. मिलची घरघर मंदावत थांबली, मग दुसऱ्या मिलची. माझ्या एका कानात टेपचा इअरफोन होता. त्यात एकदम इतकी शांतता झाली की टेपच बिघडला असं वाटलं. मी काकाजींना म्हणालो, “वाजवा. लवकर.”

“लाइन गेली ना गा.”

“म्हणूनच तर म्हणतो!”

ते भिंतीकडे वळले. सवयीने म्हणाले, “पाहू नोको.” मी टेपचं बटन दाबून पाठ फिरवली. कानातली वायर आखूड होती, म्हणून तिथेच टेपला टेकून अंगणाकडे तोंड करून बसलो.

खोलीत जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं, तारांची बारीक कुजबुज तेवढी. काकू दारात येऊन विचारून गेल्या, “चालू झालं का नाई?” आणि माझ्या कानात मात्र सगळं येत होतं. सूर सुटायचा, काकाजी थांबायचे आणि त्या थांबण्यात आता काहीही नव्हतं. ते थांबणं मी पहिल्यांदा ऐकलं. लाइन येऊ नये, लाइन येऊ नये, असं मी मनात घोकत होतो. सगळ्यांची लाइन बंद ठेवायला देवाला सांगणारा गावात त्या वेळी मी एकटाच असेन.

वाजवून झालं. मी वळेपर्यंत त्यांनी पिन काढलेली होती. मी ओरडलो आणि बटन दाबलं.

परत ऐकलं. शेवटचा तेवढा कचरा पुसू म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला. “राहू दे. चुकून बाकीचं जाईन.” थोड्या वेळाने लाइन आली.

कॅसेट घेऊन मी गावी गेलो आणि पेटीवाल्याला दिली. चार दिवसांनी त्याने ती परत आणून दिली. “मानूस मस्त वाजवते गा. पन मालकानं औंदा कीबोर्ड घेतला. त्यातच गिटार, त्यातच सनई, सगळं निघते. अलग मानूस कायले?”

तुमसरपर्यंतच्या एसटीत मी पूर्ण रस्ता त्याच्याशी भांडत होतो, मनातल्या मनात. मग काकाजींना कसं सांगायचं, याची वाक्यं जुळवत होतो. दवाखान्यात गेलो तर ते सिरिंज भरत होते. मी कॅलेंडरकडे तोंड करून सांगून टाकलं.

टिचकीचा आवाज थांबला.

“आयकलं पन का त्यायनं?”

“दोनदा.”

“पुरं? आखरीपर्यंत?”

“हो. पेटीवाला तसं म्हणाला.”

“कोन कोन होतं?”

“मालक, पेटीवाला, तबलजी. नाटकातल्या दोन बाया. आणखी कोणी कोणी.”

काकाजींनी हिशोब केल्यासारखी मान हलवली.

“इतके लोकं,” ते म्हणाले, “आन माये हात नाई कापले.”

मग बाकावरच्या म्हाताऱ्याकडे वळले. “पाहू नोको, बाबाजी. तिकडं पाय.”

मला मात्र राग आलाच होता, तो पुष्कळ दिवस गेला नाही. काकाजी पूर्वीसारखेच संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसायचे, भोंगा लावून, घूंसकट. मी परीक्षा दिल्या, पास झालो, साकोलीला नोकरीला लागलो. येतो येतो म्हणत जाणं राहून गेलं. एका उन्हाळ्यात तुमसरला गेलो, तर दवाखान्यात दुसरा कंपाउंडर होता. काकाजींना जाऊन दोन महिने झाले होते. काकूंनी पाणी दिलं आणि फडताळातून ती कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली.

“तूच ठेव. आमचा टेप त बिघडला. तुलेच त्यातलं समजते.”

अंगणात तांब्याची तार अजून मातीत होती. तिथली माती ओली होती.

कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यात कोंबड्या नाहीत, मिल नाही, भाजी कोणती करू म्हणून विचारणाऱ्या काकू नाहीत. ते सगळं आम्ही कष्टाने पुसलं. फक्त गिटार आहे, साफ, आणि मधलं मधलं थांबणं. पाहायला काही नाहीच, ऐकायचंच. शेवटचा सूर विरतो. मग ‘खर्र’ होतं, पिन निघते, माइक सुरू होतो आणि एकदम ती खोली येते. बाहेर कुठेतरी सायकलची घंटी वाजते. आणि अगदी जवळून, दम लागल्यासारखा, काकाजींचा आवाज:

“एकडाव आखीन घेऊ का गा? मधात जरासं—”

आणि त्यांच्यावर वस्सकन ओरडणारा, एका पोराचा चिरका आवाज:

“पहिले बटन, काकाजी! कितीखेप सांगू तुमाले—”

टक्.