उशाशी म्हटलेलं गाणं

नवऱ्याने डाव्या हाताने नातीच्या तोंडात मारली. तिचा चष्मा उडून कपाटाखाली गेला, खंजिरी पलंगावरून घरंगळत फरशीवर पडली, आणि नवरा मोठ्याने म्हणाले, "न्हाई!"

लकवा झाल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. स्वच्छ, अंगणापर्यंत जाईल असा. आणि आम्ही काय केलं? मी कपाटाखाली हात घालून चष्मा शोधत बसले. नात गालाला हात लावून भिंतीला टेकली. तेवढ्यात शेजारीण दारात येऊन ठेपली, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी आधीच तयार.

"कवा गेले वं?" तिने विचारलं.

"कुठं जातील? हे काय बसलेत," मी म्हणाले.

तिने पलंगाकडे पाहिलं. नवरा उशीला टेकून तिच्याकडेच बघत होते, लालबुंद तोंडाने. "अगं बया," असं म्हणून ती उंबऱ्यावरच बसली. "आन् मी तर आमच्या ह्यांना चर्चला धाडलं की, घंटा वाजवाया."

"मग पळ आणि थांबव."

ती उठेपर्यंत घंटा सुरू झाली. माणूस गेला की आमच्याकडे एकेक टोल सावकाश देतात, मध्ये जागा सोडून. नवऱ्याने मान वळवून खिडकीकडे केली आणि ऐकत राहिले. स्वतःच्या मरणाची घंटा ऐकलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आम्ही शिरूरच्या जुन्या मिशन आळीतले. माझा जन्म तिथलाच. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि दौंडला गेले. नवरा रेल्वेत गँगमन होते, रूळ बदलायच्या कामावर. सगळी नोकरी दौंडला काढली, रिटायर झाल्यावर परत शिरूरला आलो. आळीत ते कायम गाण्यासाठीच ओळखले गेले. आवाज जाड, दमदार, आणि सूर कधी सुटायचा नाही. दौंडला असतानाही सुट्टीला आले की चर्चमध्ये गाण्याची सुरुवात तेच करायचे.

लकवा आला तो उजव्या अंगावर. पाय हळूहळू थोडा चालायला लागला. हात पांगळाच राहिला, आणि वाचा गेली ती गेली. समजायचं सगळं. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवायचे. पण बोलायला गेले की तोंड वाकडं व्हायचं, आवाज निघायचा आणि शब्द व्हायचा नाही. मग चिडून भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे काही परत येईल ते पहिल्या काही महिन्यांत येईल, त्याच काळात मेहनत घ्या. शब्द परत यावेत यापलीकडे आमच्या घरात तेव्हा दुसरं काही मागणं नव्हतं.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. तिने आधी मानसशास्त्रात बी.ए. केलं. नंतर पुण्याला विद्यापीठात एक कोर्स घेतला, त्यात गाणंही शिकायचं, मनाचं शास्त्रही, आणि मुलांना कसं शिकवायचं तेही. म्युझिक थेरपी म्हणायची ती. न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत जाऊन त्यांच्यासमोर वाजवायचं, गायचं, हा त्यांचा अभ्यास. माझा मुलगा रांजणगावला कंपनीत आहे. त्याला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं.

"गाण्यानं माणूस बरा झाला असता," तो म्हणायचा, "तर स्पीकरवाल्यानं दवाखाना काढला असता."

"पप्पा, तुम्ही मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगता ना?"

"सांगतो. पण मशीनला गाणं म्हणून नाही दाखवत."

मला मात्र तिचं म्हणणं पटलं. तिने सांगितलं की बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच जागी नसतं, बोलायचं दार बंद झालं तरी गाण्याच्या दाराने शब्द बाहेर येऊ शकतात. मेंदूतलं मला काही कळत नाही. पण आमच्या आळीत एक तोतरा माणूस होता, पाणी मागायला त्याला घाम फुटायचा, आणि चर्चमध्ये तोच माणूस चार कडवी न अडखळता म्हणायचा. ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून मी म्हणाले, कर.

सुट्टीत ती आली. पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि आम्हाला विचारलं, "आबांना सगळ्यात पाठ गाणी कुठली? झोपेतून उठवलं तरी येतील अशी. शिकवताना हेच सांगतात, पेशंटच्या आयुष्यातलं गाणं घ्या."

आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. मी दिलं, मुलाने दिलं, पाळकसाहेब भेटायला आले होते त्यांनीही तेच दिलं. आमच्याकडे एक रीत आहे. कुणी शेवटच्याला लागलं की चर्चची मंडळी त्याच्या घरी जमते, उशाशी उभी राहते आणि गाते. नदीपलीकडच्या घराचं एक गाणं आहे, थांबलेल्या वाटसरूचं एक आहे, अशी तीनचार. जीव जाईपर्यंत गातात, कधी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. नवऱ्याला या कामासाठी लांब लांब बोलावणी यायची. केंदूरला जाऊन आलेले आहेत, वडगाव रासाईला जाऊन आलेले आहेत. आयुष्यात त्यांनी ती गाणी जितकी म्हटली तितकी दुसरी कुठली म्हटली नाहीत. मग पाठ ती असणारच.

आमच्या डोक्यात एवढंच आलं. आम्ही सगळ्यांनी ती गाणी कायम उभं राहून गायली होती. आडवं पडून ती कुणी ऐकली नव्हती, आणि ज्यांनी ऐकली ते सांगायला राहिले नव्हते.

नातीने माझ्याकडून चाली बसवून घेतल्या. तिचा जन्म शिरूरचा, पण वाढली शाळा-कॉलेजात, कुणाच्या उशाशी गायला ती कधी गेली नव्हती. दुपारी नवऱ्याचं जेवण झाल्यावर तिने खंजिरी घेतली, पलंगाच्या डोक्याकडे उभी राहिली आणि नदीपलीकडचं गाणं सुरू केलं. हळू, थांबून थांबून, म्हणजे आबांना मध्ये शब्द टाकता यावा. मीही सवयीने तिच्या सुरात सूर मिसळला. बाहेर धुणं वाळत घालणाऱ्या शेजारणीने ऐकलं. तिला वाटायचं तेच वाटलं. आणि पलंगावर पडलेल्याला दुसरं काय वाटणार? बायको आणि नात उशाशी उभ्या राहून आपल्याला पोचवायला लागल्या. दुसरं कडवं निम्मं झालं आणि त्यांचा हात उठला.

घंटा बंद झाली तरी लोक यायचे थांबले नाहीत. एकाने बाकडं आणून अंगणात टाकलं, कुणी चहाची किटली आणली, कारण मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. मग खरं कळल्यावर तोच चहा सगळ्यांनी बसून प्यायला. शेजारणीचा नवरा घामाघूम होऊन परत आला.

"आबा, माफ करा," तो दारातूनच म्हणाला. "पण घंटा वाजवली म्हंजी आयुष्य वाढलं बघा."

"वाढलं तुझं डोंबल," त्याची बायको म्हणाली. "आधी बघायचं तरी, माणूस हाय का न्हाई."

"तूच धाडलंस की मला!"

लोक हसले. नवरा हसले नाहीत. नात मोरीत जाऊन तोंड धूत होती, बराच वेळ धूत होती.

मुलगा ड्यूटीवरून आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बास. आता या घरात गाणं नको." पाळकसाहेबही म्हणाले की गाणं मंडळीकडे राहू दे. नातीने चष्म्याची मोडलेली काडी दोऱ्याने बांधली आणि सकाळच्या एसटीने पुण्याला गेली.

त्यानंतर घर गप्प झालं. रेडिओ लावायचीसुद्धा आम्हाला भीती. नवऱ्याने तोंड उघडलं की मुलगा म्हणायचा, "आबा, त्रास करून घेऊ नका, खुणेने सांगा." ते खुणेने सांगायला लागले. डावा हात वर म्हणजे पाणी, पोटावर म्हणजे भूक. आम्हालाही ते सोपं पडलं. डॉक्टरांनी मेहनतीसाठी सांगितलेले महिने आमच्याकडे असे खुणांमध्ये गेले.

नात नाताळला आली तेव्हा खाली मान घालूनच जेवली. हात धुतल्यावर माझ्याजवळ बसली.

"आजी, मी कॉलेजात मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील."

"मग?"

"त्यांनी एकच विचारलं. पेशंट 'नाही' म्हणाला का? शब्द नीट होता का? मी म्हटलं, हो, खणखणीत. तर त्या म्हणाल्या, अगं, मग आलं की. तिथूनच धरायचं होतं. 'नाही' येतं तर त्याला 'नाही' म्हणू द्यायचं, दिवसभर म्हणू द्यायचं, त्यातून पुढचा शब्द काढायचा. आणि म्हणाल्या, कुठलं गाणं कुणासाठी असतं ते त्याच्या घरच्यांना नव्हे, त्याच्या सोबत्यांना विचार."

तो शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि चष्मा शोधत होते.

आम्ही दोघी दौंडला गेलो. नवऱ्याच्या गँगमधला एक सोबती अजून लाइनीपलीकडे राहतो. जयभीमवाला, तोंडाचा फाटका, पण माणूस चांगला. मला पाहून उठला.

"वहिनी, सलाम. आबाला का न्हाई आणलं?"

"आणायच्या अवस्थेत नाहीत. वाचा गेलीये."

"त्याची वाचा?" त्याला खरं वाटेना. "रूळ उचलताना आमच्यात हाळी द्यायचा तोच. त्यानं बोल टाकायचा, आम्ही हुप्पा म्हणून जोर लावायचा. तुम्हाला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं चर्चशिवाय ते कुठे तोंड उघडत नाहीत. तो हसला. "घरी कसं सांगल? निम्मे बोल बायकांसमोर काढायचे नव्हते." मग नातीने मोबाइल पुढे धरला, आणि त्याने मांडीवर थाप मारत म्हणून दाखवलं. सायबाची टोपी, हुप्पा. पडली रुळावर, हुप्पा. गाडी आली, हुप्पा. टोपी उचल, हुप्पा. पुढचं चालू झालं तसा तो मध्येच थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही जरा पाण्याचं बघता का आत?" मी आत गेले. पाणी घेऊन आले तर नात लाल होऊन हसत होती. त्या दुपारनंतर तिला हसताना तेव्हाच पाहिलं.

निघताना तो म्हणाला, "त्याला म्हणावं, मेला न्हाईस ना अजून? मग उचल रूळ."

घरी आल्यावर नातीने मुलाला विचारलं नाही. आबांच्या समोर बसली, डोक्याकडे नाही, पायांकडे, तोंडासमोर. तिने मांडीवर थाप दिली आणि म्हणाली, "सायबाची टोपी."

नवरा तिच्याकडे बघत राहिले. मग डावा हात गादीवर आपटला. बरोबर जागेवर, जिथे हुप्पा यायचा तिथे. पुढच्या बोलाला पुन्हा. डोळे कसे झाले होते ते मी लिहीत नाही. तोंड उघडलं, ओठ पुढे आले, मानेची शीर टरारली. आवाज निघाला. शब्द नाही निघाला. तिने पुन्हा बोल टाकला. पुन्हा हात, पुन्हा तोंड, पुन्हा तसंच. मुलगा दारात येऊन उभा होता. थोड्या वेळाने तो खाली बसला आणि स्वतःच हुप्पा म्हणायला लागला, म्हणजे बापाला साथ मिळावी.

सुट्टी संपेपर्यंत तिने रोज केलं. ती गेल्यावर मुलगा करायचा, ड्यूटीवरून आल्यावर, त्याला येईल तसं. हाताचा ठेका पक्का झाला. तोंडाने काही धरलं नाही. डॉक्टर म्हणाले, आधी केलं असतं तर, सांगता येत नाही, कदाचित झालंही असतं. म्हणजे त्यांनाही माहीत नाही. हे माहीत नसणं माझ्या वाट्याला आलं आहे आणि ते काही जात नाही. एक शब्द आला होता, मी, नात, मुलगा आणि पाळकसाहेब, आम्ही चौघांनी मिळून तो परत पाठवला.

नातीने कोर्स पुरा केला. न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत लागली आहे. तिथे गाते, वाजवते, मुलं तिला सोडत नाहीत असं ऐकते. तिला म्हाताऱ्यांच्या केंद्रातही बोलावलं होतं, ती गेली नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, "आजी, मोठ्यांना नाही गात मी."

आळीत अजून एखादा नवा माणूस विचारतो की त्या दिवशी घंटा कुणाची वाजली होती, कोण गेलं होतं. कुणी गेलं नव्हतं. नवरा आहेत, पलंगावर, न बोलता. नात पुण्यात आहे. मी शिरूरला आहे. तिघंही जिवंत आहोत.