बंद गाडीचं स्टेअरिंग

शिक्रापूरला आमच्या दारासमोर एक पांढरी गाडी उभी असते. तिचा मालक सणसवाडीच्या कंपनीतल्या कामगारांची ने-आण करतो. दुपारी तो झोपला की त्याची बायको चावी घेऊन त्याच्या जागेवर बसायची आणि बंद गाडीचं स्टेअरिंग फिरवायची. ते फार जड जाई. ओठ आवळून, दोन्ही खांद्यांचा जोर लावून ती ते एका बाजूला नेई, पदराने घाम पुसे आणि पुन्हा दुसऱ्या बाजूला नेई. खाली खडीवर टायर करकरत.

एकदा तिने मला हाक मारली. “ताई, गाडी सुरू झाली की ह्ये हलकं होतं म्हणत्यात. खरं हाय का?”

“मला नाही येत गं. आमची गाडी हेच चालवायचे. ते गेल्यावर विकून टाकली.”

ती म्हणाली, “म्हंजी तुम्हीबी बाजूलाच बसलात.”

इतकी वर्षं मी त्या जागेला माझी जागा म्हणत आले होते.

तेवढ्यात तिचा नवरा डोळे चोळत आला. “उतरा, महाराणी! उभ्या गाडीची चाकं वळवून टायर घासत्यात माझे.”

“मग चालती करून द्या की. शिकते.”

“तू शिकल्यावर मी काय भाकरी थापू? सरक तिकडं, बाजारला जायचंय.”

ती हसली आणि सरकली. त्याने गाडी सुरू केली आणि माझ्याशी पावसापाण्याचं बोलता बोलता एकाच तळहाताने स्टेअरिंग पूर्ण वळवलं.

ती त्या तळहाताकडे बघत होती.