तिसरी पुकार

सही मागितली की आमचे साहेब आधी पेनाचं टोपण लावायचे. मग पेन खिशात, मग उजव्या हाताचं एक बोट वर, छताच्या पंख्याकडे. "वरनं वेळ येऊ दे की बाई. घाई सैतानाची असती." एवढं झालं की समोरचा कागद ट्रेमध्ये जायचा. त्या ट्रेमधून परत आलेला कागद मी तरी फारसा पाहिला नाही.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेलच. काम टाळणारे सगळीकडे असतात, पण टाळण्याला देवाचं नाव देणारे फार पक्के असतात. आमचे हे साहेब मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शाळेत हेडक्लार्क होते आणि रविवारी त्याच मंडळीचे सेक्रेटरी. मी चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली टायपिंग केलं आणि त्यांच्याच मागच्या बाकावर बसून उपासना केली. म्हणजे आठवड्याचे सातही दिवस सुटका नव्हती. पाठीमागे आम्ही त्यांना थांबासाहेब म्हणायचो.

शाळेत बायकांच्या संडासाला कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं आणि शिपाई दिसला की मोठ्यानं खोकायचं. मी अर्ज दिला. साहेबांनी टोपण लावलं. "प्रार्थनेत ठेवलाय अर्ज," म्हणाले. सात महिने तो तिथेच होता. शेवटी मी राजारामपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि चार स्क्रू आणले आणि मधल्या सुट्टीत स्वतः बसवली. तळहाताला फोड आला. त्या शुक्रवारी प्रार्थना सभेत साहेब साक्ष द्यायला उभे राहिले. "भावांनो, बहिणींनो, आपण थांबलो. प्रभूनं योग्य वेळी कडी दिली." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, दातओठ खात.

स्वतःच्या पोटाला मात्र ही वेळ लागू नव्हती. उपासना नऊला असायची, पण मटणाच्या दुकानात हे सातलाच हजर, आणि तेही रांग मोडून. मागचा कुणी ओरडायचा, "ओ पावणं, लाईन हाय!" तर हे मागं न बघता म्हणायचे, "उपासनेला जायाचं हाय. देवाला ताटकळत ठिवू व्हय? मांडीचं दे रे." गॅसचा सिलिंडर एक दिवस उशिरा आला तर एजन्सीला ऑफिसच्या फोनवरून असं झापायचे की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास थांबायचा.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यांना एक मुलगी होती.

एस्तेर. राजारामपुरीत एका डॉक्टरांकडे नर्स. आई गेल्यापासून घरही तिच्यावरच. पहाटे उठून बापाचा डबा करायची, त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करायची आणि मग ड्यूटीला पळायची. तिला मिरजेचं स्थळ आलं, तेव्हा साहेबांना "प्रार्थनेत शांती वाटली न्हाय." सांगलीचं आलं, तेव्हा "चिन्ह मिळालं न्हाय." सोलापूरच्या मुलाचा तर त्यांनी फोटोही पाहिला नाही. पाकीट ट्रेमध्ये गेलं.

मग विजय आला. कसबा बावड्याचा, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणारा, कमी बोलणारा. एस्तेरला तो पसंत होता, त्याला एस्तेर. त्यानं सरळ येऊन मागणी घातली. साहेबांनी बोट वर केलं. "प्रार्थना करू या. थांबू या."

विजय सहा वर्षं थांबला. दर महिन्याला एकदा यायचा, चहा प्यायचा, "काय झालं काका?" असं विचारायचा आणि "अजून न्हाय" ऐकून जायचा. दरम्यान त्यानं साहेबांचं फाटक वेल्ड करून दिलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, पाण्याच्या टाकीला स्टँड केला. ती कामं मात्र साहेबांनी प्रार्थनेत ठेवली नाहीत, लगेच करून घेतली.

मला त्यांचा तिटकारा होता, हे मी लपवत नाही. एकदा एस्तेरला मी म्हटलंच, "कोर्टात जाऊन सह्या करा दोघं. हा माणूस तुला म्हातारी करून सोडणार."

ती माझ्यासाठी चहा गाळत होती. "मावशी, पप्पांच्या आशीर्वादानं व्हावं असं वाटतंय. देव त्याच्या वेळेला देतो, माझा इश्वास हाय तसा. रोज रातच्याला मागणं असतं माझं." मग गाळणी आपटून चोथा झटकला. "पण देवाची वेळ मला पप्पाच सांगणार, हे काय खरं न्हाय बघा."

ती तेव्हा अडतीस वर्षांची होती.

आमच्या मंडळीत लग्नाआधी पुकार होते. उपासनेत सूचना वाचताना वधूवरांची नावं लागोपाठ तीन रविवार पुकारायची आणि कोणाची हरकत आहे का ते विचारायचं. तिन्ही रविवार कुणी उठलं नाही तर लग्न लागतं. सूचना वाचायचं काम सेक्रेटरीचं.

एका शनिवारी एस्तेर ड्यूटीच्या कपड्यांतच ऑफिसात आली आणि पुकारीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. दोघांच्या सह्या होत्या, चर्चच्या पाळकसाहेबांचा शेरा होता. साहेबांनी टोपण लावलं.

"सही नको हाय पप्पा," ती म्हणाली. "नुसतं वाचून दावा. सेक्रेटरी हाईसा न्हवं?"

साहेबांचं बोट अर्ध्यावर गेलं आणि खाली आलं. मी टायपिंग करत राहिले. त्या पानावर काय टाइप केलं होतं ते नंतर वाचता आलं नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी पुकार अशी वाचली की रविवार शाळेची सहल आणि टाकीची सफाई यांच्यामध्ये ती कुणाला कळलीच नाही. पाळकांनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्या रविवारी ती कळली, आणि लोक माना वळवून एस्तेरकडे बघू लागले. ती गीतांच्या पुस्तकात बघत होती, पण पुस्तक बंद होतं.

तिसऱ्या रविवारी विजय आपल्या आईला घेऊन आला होता. साहेब उभे राहिले. "कसबा बावड्याचे विजय आणि या मंडळीतील एस्तेर यांचा विवाह योजला आहे. ही तिसरी पुकार. या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती आता सांगावी."

आणि थांबले. खिशातलं पेन काढलं. टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. वर पंखा कुरकुरत होता. मी मनातल्या मनात चप्पल हातात घेतली होती. म्हटलं, आता बोट वर केलं तर ही उपासना आहे हे मी विसरणार.

"माझी हाय," साहेब म्हणाले.

विजयची आई उठून उभी राहिली. विजयनं तिला हाताला धरून खाली बसवलं.

"सहा वर्सं हाय," साहेब कागदाकडे बघत बोलत होते. "देवाची न्हाय, माझी हाय. मी त्याला कधी इचारलंच न्हाय. इचारलं तर तो व्हय म्हणंल, ह्याचं भ्या वाटायचं. पोरगी गेल्यावर घरात मी एकटा. एवढंच हुतं." कागद त्यांनी खाली ठेवला. "ही हरकत धरू नगासा."

पाळकसाहेब वयानं लहान, गोंधळून म्हणाले, "मग... हरकत मागे घेतली, असं लिहू का?"

"लिवा की," साहेब म्हणाले. "आन आणा इकडं, सही करतो." चौदा वर्षांत त्यांनी लगेच केलेली मी पाहिलेली ती एकच सही.

एस्तेर मोठ्यानं रडली. तिच्या आईच्या दफनाच्या वेळीही ती अशी रडली नव्हती. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण मला पाझर फुटला असं समजू नका. सहा वर्षं खाऊन वर एक कबुली द्यायची, हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. एस्तेरला मूल झालं नाही. दुसऱ्यांच्या लेकरांना इंजेक्शनं देऊन, वर कडेवर घेऊन गप्प करणारी ती पोरगी. साहेबांनी कबुली सगळ्या मंडळीसमोर दिली, पण याबद्दल ते कधी कुणासमोर बोलले नाहीत.

रिटायर झाल्यावर साहेब रविवारी दुपारी हातात मटणाचा डबा घेऊन बावड्याच्या बसची वाट बघत उभे दिसायचे. लेकीकडे जायचं असायचं. एकदा मी मुद्दाम थांबले आणि बोट वर करून विचारलं, "काय साहेब, वरनं वेळ आली न्हाय वाटतं?"

"गप बसा बाई," ते घाम पुसत म्हणाले. "पोरगी जेवायची थांबली आसंल."

गेल्या वर्षी ते गेले. एस्तेरच्याच घरी, तिच्याच हातून पाणी पिऊन. सूचना वाचायचं काम आता माझ्याकडे आलं आहे.

परवा एका मुलीची तिसरी पुकार होती. हरकतीच्या वाक्यापाशी आले आणि थांबले. मंडळीला वाटतं, मी चष्मा नीट करते. दुसऱ्या बाकावर मुलीचा बाप मान खाली घालून रुमाल शोधत होता. तो सापडेपर्यंत मी पुढचं वाचलं नाही. थांबासाहेबांना मी माफ केलेलं नाही. पण तेवढा वेळ मी आता प्रत्येक बापाला देते.