सडेबेटाची पालखी

रत्नागिरीहून पावसकडे जाणारी एसटी भाट्याचा पूल ओलांडते आणि उजवीकडे समुद्र दिसू लागतो. माझं लक्ष मात्र मांडीवरच्या कागदाच्या गुंडाळीवर होतं. शतक नुकतंच उलटलं होतं, शिमग्याचे दिवस होते आणि पुण्यातल्या आमच्या मुलांच्या मासिकाने मला सडेबेटाचा निकाल लावायला धाडलं होतं.

सडेबेट नकाशात सापडणार नाही. पावसजवळच्या एका गावात चित्रकला शिकवणारे वासुदेव मास्तर आमच्याकडे चित्रकथा काढत, तिच्यातला हा बेटावरचा देश. समुद्रापलीकडची कंपनी बेटावरचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) घेते, घरोघर दिवे देण्याचं वचन देते आणि फाटक ठोकते. देवळाची वाटही फाटकाआड जाते. मग आकाशातून वज्रबाहू येतो. अंगात अचाट बळ, पाठीवर लाल शेला. शेवटचा भाग तेवढा राहिला होता. मासिकाच्या मालकांनी त्याचं मुखपृष्ठ आधीच करून घेतलं होतं: वज्रबाहू देवाची पालखी एका हातावर तोलून फाटकावरून उडतो आहे. मास्तरांनी शेवट तसा काढावा, नाहीतर मालिका दुसऱ्याकडे जाईल, हा निरोप मला पोचवायचा होता.

शेजारच्या म्हाताऱ्याने गुंडाळीवरचं मासिकाचं नाव वाचलं. "पुण्याचे काय? मग सांगा, आमच्या बेटाचं पुढं काय होतंय?"

'आमच्या' हा शब्द ऐकून मी गडबडलो आणि एक थांबा आधीच उतरलो. राहिलेला चढ भर उन्हात चालावा लागला. पुणेकराने कोकणात स्वतःच्या अकलेने उतरू नये.

मास्तरांनी आधी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार वाढलं, मग माझा निरोप ऐकून मी आणलेलं मुखपृष्ठाचं चित्र ओटीवर उलगडलं. पालखी घरी यायची म्हणून शेजारीपाजारी जमले होते. पार्वतीकाकी पुढे वाकल्या.

"ह्यो एकटाच उचलतोय?"

"त्याच्यात तेवढी ताकद आहे," मी म्हणालो.

"ताकद असंल. पण मग गाव कुठं हाय?"

मास्तरांनी चित्र पुन्हा गुंडाळलं. "मालिका गेली तर वाईट वाटेल," ते म्हणाले. "इतकी वर्षं काढतोय. पण हे माझ्या हातून होणार नाही."

तेवढ्यात ढोल ऐकू आले. पालखी अंगणात आली आणि मास्तरांनी मला सरळ दांड्याखाली ढकललं. मी बुटका. दांडा माझ्या खांद्याला टेकेना, तेव्हा पुढच्या उंच माणसाने गुडघे वाकवले आणि तो तसाच नाचू लागला. एक खांदा सुटायच्या आत दुसरा लागत होता. पालखी खाली टेकली नाही. माझ्या वाट्याला वजन फारसं आलं नाही. आनंद मात्र झाला, आणि तो लपवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शेवटचं पान हाती दिलं. बेटावरची माणसं पालखी घेऊन फाटकाकडे चढत होती. मागच्या बाजूला एका खांद्यावर, दांडा रुतू नये म्हणून, लाल शेल्याची घडी ठेवलेली होती.

पुण्यात मालकांनी पान उलटसुलट केलं. "यात वज्रबाहू कुठे आहे?"

मी घडीवर बोट ठेवलं. त्यांनी पान परत केलं आणि दुसऱ्या चित्रकाराकडून एकहाती शेवट काढून घेतला. अंक चांगला खपला. ते माझ्या पचनी पडलं नाही, तरी नोकरी मी सोडली नाही.

पुढच्या शिमग्याला सुट्टी काढून गेलो. सहाणेजवळ (पालखी बसवायचा चौथरा) मास्तरांनी तेच पान पुन्हा, मोठ्या आकारात काढून लावलं होतं. फाटक चित्रात अजून बंदच होतं. पार्वतीकाकींनी मला ओळखलं.

"तुमच्या पुण्यात बेट सुटलं म्हणं," त्या म्हणाल्या. "आमची पालखी अजून चढतेय. या, खांदा लावा."