विहिरीची ओटी

सांगोल्याच्या माळावर वाढलेली बाई पाण्याशी कशी वागते, हे बघायचं असेल तर बजाबाईला भांडी घासताना बघावं. भाजी धुतलेलं पाणी खरकट्या भांड्यांना, भांड्यांचं मोरीला, आणि हात विसळायचा तरी खाली बादली. पाण्याकडे तोंड करून थुंकणाऱ्या पोराला तिच्या आईनं एकदा उलथन्यानं झोडलं होतं. तेच वळण घेऊन ती लग्नानंतर सोलापुरात आली, भवानी पेठेतल्या एका बोळात. नवरा हिंदुराव टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. तो गेला, तशी ती कारखान्यातून टॉवेल घरी आणून त्यांच्या कडा शिवू लागली. मूलबाळ नाही. जीभ तिखट, आणि ती तिखट आहे याचा तिला अभिमान.

बोळाच्या टोकाला पायऱ्यांची जुनी विहीर होती. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणारं हे शहर, आणि पाण्यानं भरलेल्या विहिरीचा लोकांनी उकिरडा केलेला. कोंबड्यांची पिसं, लहान पोरांचे डायपर, फुगून आलेली मांजरं, फुटक्या काचेतले देव. वर हिरवी जाड साय धरलेली. ती कुठंतरी फुटली की वास उंबरा ओलांडून जेवणाच्या ताटात येऊन बसायचा.

एका उन्हाळ्यात बजाबाई पदर खोचून खाली उतरली. काठावर माणसं जमली. एकजण म्हणाला, "आजे, खजिना घावला तर सांग गं!"

"घावलाय की!" ती खालून ओरडली. "तुज्याच घरच्या पिशव्या हायत. गाठीवरनं वळखती मी. देऊ का माघारी?"

माणूस गेला. थोड्या वेळानं समोरच्या घरातली शरणम्मा आली. ही अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी, तीन लेकींची आई. "अय्यो अक्का, एकटी मरतीस की," म्हणत ती दुसऱ्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं घमेलं घेतलं. मग तिसरी आली, चौथी आली. दोन उन्हाळे गेले. गाळाखाली झरे होते, ते मोकळे झाले, आणि एका सकाळी तळाचा दगड दिसला. प्यायला नव्हे, पण धुण्याभांड्याला आणि अंघोळीला बोळात पाणी झालं. पाण्यात पाय घालायचा नाही, साबण खाली न्यायचा नाही, एवढाच बजाबाईचा कायदा.

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं.

शहरात चांगलं काम करणाऱ्या माणसांना पाठबळ देणारी एक संस्था होती. तिथली निवेदिता एक दिवस बोळात आली. शिकलेली, गोड बोलणारी, नुकतं लग्न झालेली पोरगी. म्हणाली, "मावशी, तुम्ही चेंजमेकर आहात."

"म्हंजी काय?"

"बदल घडवणारी व्यक्ती."

"बदल कुटला? पाणी आधीचंच हाय. आमी घाण काडली." मग बजाबाईनं कामाचं काढलं. "वर लोखंडी जाळी पायजे. न्हायतर लोक परत टाकत्यात. जाळी द्या, दुसरं काय नको."

"नक्की देऊ. आधी एक छोटा कार्यक्रम करू, म्हणजे देणगीदार पुढे येतात. जलपूजन करू या. विहिरीची ओटी भरतात ना तुमच्याकडे?"

बजाबाईला नाही म्हणवेना. तिच्या माहेरी नव्या विहिरीला पाणी लागलं की एक खण, एक नारळ, मूठभर तांदूळ काठावर ठेवायचे आणि मग एखाद्या लेकुरवाळीला द्यायचे. पाण्याची ओटी नको म्हणायला जीभ कशी रेटावी? "भरा की," ती म्हणाली. "एका ओटीनं काय हुतंय."

कार्यक्रमाला मांडव आला, भोंगा आला, गाड्यांतून पाहुण्या आल्या. प्रत्येकीच्या हातात चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बांधलेली ओटी. बजाबाईच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या. पूजेची वेळ आली, तसा संस्थेतला बिभीषण नावाचा कार्यकर्ता तिच्या कानाशी वाकला. "मावशी, पूजेपुरतं जरा मागं बसता का? सवाष्णींचा मान असतो. तुम्ही समजून घ्याल."

ती समजली. शाल विधवेला चालते, हळदकुंकू चालत नाही. भर उन्हात लोकरीची शाल अंगावर घेऊन ती मागच्या खुर्चीवर बसली आणि तिथून तिनं सगळं पाहिलं. एकेक बाई पायऱ्या उतरत होती, फोटोसाठी मान तिरपी करत होती आणि ओटी प्लॅस्टिकसकट पाण्यात सोडत होती. निवेदितानंही सोडली. शेवटी दुधाचे कॅन पालथे झाले. पाणी पांढरं झालं, तेव्हा लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आठवडा उलटायच्या आत विहीर नासली. दूध फाटून त्याच्या गुठळ्या पायऱ्यांना चिकटल्या. तांदूळ फुगून सडले. शेंडीचे नारळ मेलेल्या घुशींसारखे तरंगत होते. बजाबाई खाली उतरली, एक बुळबुळीत खण तिच्या बोटांना गुंडाळला गेला. कुजलेली मांजरं याच हातांनी उचलली होती, तेव्हा पोटातलं पाणी हललं नव्हतं. आज ती पायरीवर बसून ओकली.

तिनं निवेदिताला फोन लावला. "जाळी कवा बसणार?"

"जाळी पुढच्या टप्प्यात, मावशी. पण कार्यक्रमाचा तुमचा व्हिडिओ किती पसरलाय, बघितलात का?"

व्हिडिओ पसरला होता, हे खरं. बायकांनी पुन्हा घमेली धरून विहीर उपसली. पाणी नितळ झालं, आणि शुक्रवारी पेठेपेठेतून बायका ओट्या घेऊन हजर. विहीर जागृत आहे म्हणे. मूल देते म्हणे. बजाबाई आडवी आली, शिव्या दिल्या, हात जोडले. एक जाडजूड बाई ओटी सोडून वर आली आणि म्हणाली, "देवीच्या आड येतीस? आधी आपलं कपाळ बघ की!"

त्या आठवड्यात पुन्हा उपसा झाला.

पुढच्या शुक्रवारी ती सकाळीच जाऊन विहिरीच्या पहिल्या पायरीवर बसली. पायरी अरुंद, तिला ओलांडल्याशिवाय खाली जाता येत नव्हतं. बायका जमल्या. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

"या. विहिरीची ओटी हितं भरायची. म्या उपसलीया तिला, तिची थोरली भन हाय मी. घाला माज्या पदरात."

कोणी पुढं होईना. रांडमुंड बाईची ओटी कोण भरणार? पुढची बाई मागं सरली, तिचा पाय मागचीच्या पायावर पडला. "काय गं, देवीला चालतंय, मला न्हाय व्हय?" बजाबाई विचारत होती, आणि गर्दी बोळातून निथळत चालली होती.

शेवटी एकटी शरणम्मा उरली. दोन उन्हाळे घमेलं धरलेली शरणम्मा. तिच्याही हातात ओटी होती. थोरल्या लेकीला, दानेश्वरीला, लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं. तिनं बजाबाईच्या पसरलेल्या पदराकडे पाहिलं, एक पाऊल टाकलं, आणि थांबली.

"अक्का, लेकीचा प्रश्न हाय की गं," ती पुटपुटली. नारळ पदराखाली झाकून घराकडे वळली.

दुपारी निवेदिताचा फोन आला. कुणीतरी तिला फोटो पाठवला होता. "मावशी, केवढं धाडस! यावर आपण मोठा कार्यक्रम करू. विधवांच्या सन्मानाचा."

"लई झाक," बजाबाई म्हणाली. "कार्यक्रम ऱ्हाऊ दे. तू सवाशीण हायस. ये आणि माजी ओटी भर. पैली तुजी."



"मावशी... मी घरी विचारून सांगते."

बजाबाईनं फोन बंद केला. खाली पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं, आणि त्या दिवशी त्यात काहीही पडलं नव्हतं. अजूनही ती शुक्रवारी तिथंच बसते, पदर पसरून.